कमिशन दोन टक्के, बाकी आमच्या खिशातून

आधी हिशोब सांगतो, मग गोष्ट. जून २०२२ ते जुलै २०२३ असे चौदा महिने मी सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये कामगार पुरवणाऱ्या एजन्सीतर्फे क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. या काळात एजन्सीनं माझ्यापोटी बिलावर छापून, उघडपणे घेतलेलं कमिशन होतं ४,७१८ रुपये. आणि माझ्या नावावर घेतलेले, पण तेव्हा माझ्यापर्यंत न आलेले पैसे होते ऐंशी हजारांच्या वर. आमच्याकडची पोरं ठेकेदाराला शिव्या घालतात त्या कमिशनवरून. मीही घालायचो. चुकीच्या जागी घालत होतो.

डिप्लोमा झाल्यावर लॉकडाऊनची दोन वर्षं तासगावकडच्या आमच्या द्राक्षबागेत गेली. मग गावातल्या एकानं विश्रामबागेतल्या ऑफिसचा पत्ता दिला. झेरॉक्सच्या दुकानावर खोली, वर जायला लोखंडी जिना, आत दोन खुर्च्या आणि एक प्रिंटर. मालक बोलायला गूळ. "बसा पाव्हणं, चहा घ्या. कुठलं म्हणायचं?" गाव सांगितल्यावर त्यानं आमच्या भावकीतली दोन नावं घेतली आणि मी तिथंच निम्मा गार झालो. पगार सोळा हजार आठशे म्हणाला. नोंदणीचे अडीच हजार आणि डिपॉझिट तीन हजार, "सहा महिन्यांनी परत." पैसे फोनवरून पाठवायचे, पण एजन्सीच्या खात्यावर नाही, त्याच्या पुतण्याच्या नंबरवर. पावती मागितली तर "घरचाच माणूस हायसा की" म्हणाला. नियुक्तीपत्र? "कंपनी देते." कंपनी म्हणाली, एजन्सी देते.

पहिल्या महिन्याचा पगार आला ११,१४२, त्यातून सेफ्टी शूजचे ११५० वजा. मी जिना चढून वर गेलो. त्यानं शांतपणे कागद ओढला. "अहो, सोळा आठशे म्हणजे सीटीसी, तुमच्यामागचा सगळा खर्च. पीएफ आला, ईएसआय म्हणजे कामगार विमा आला, प्रोफेशनल टॅक्स आला. वर अठरा टक्के जीएसटी सरकार घेतंय, आम्ही काय खाणार?" मी मान डोलावली. पीसच्या बोअरमध्ये, म्हणजे भोकात, दोन शतांश मिलिमीटरचा फरक आला की पीस रिजेक्ट करणारा माणूस मी, आणि माझ्याच पगारातला साडेपाच हजारांचा फरक मी पास करून खाली उतरलो.

जीएसटीचं तेवढं इथंच सांगून टाकतो, कारण ही थाप अजून चालते. मनुष्यबळ पुरवठ्यावर अठरा टक्के जीएसटी आहे हे खरं. पण तो एजन्सीच्या बिलावर लागतो, कंपनी तो भरते आणि बहुतेक वेळा आपल्या जीएसटीतून वळताही करून घेते. कामगाराच्या पगाराशी त्याचा काडीचा संबंध नाही. कंपनी बिलातून टीडीएस कापते तोही एजन्सीचाच.

मार्च २०२३ मधली गोष्ट. फर्स्ट शिफ्ट सुटायच्या बेताला मी भोक तपासायचे प्लग गेज कॅलिब्रेशनला पाठवायचे म्हणून गेट पासवर सही घ्यायला एचआरमध्ये गेलो. मॅडमच्या टेबलावर आमच्या एजन्सीचं फेब्रुवारीचं बिल आणि खाली जोडलेली हजेरी होती. मॅडम ती मस्टरशी, म्हणजे हजेरीपटाशी, ओळीओळीला टाचणी लावून पडताळत होत्या. हजेरीच्या पानावर वरून सातवं नाव माझं. ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, ४० तास, दर १२५, रक्कम ५,०००. मला त्या महिन्यात ओटीचे आले होते २,५००. मॅडमचा फोन वाजला, त्या बोलत खिडकीकडं गेल्या. फोन मुद्दाम लांबवला की काय, हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि विचारणारही नाही.

वरच्या पानावर एका माणसामागचा महिन्याचा हिशोब छापलेला होता. मी गेट पासच्या मागच्या बाजूला उतरवून घेतला. बेसिक आणि डीए मिळून १३,०००. मालकाच्या बाजूचा पीएफ, खर्चासकट तेरा टक्के, १,६९०. ईएसआय सव्वातीन टक्के, ४२३. बोनस ८.३३ टक्के, १,०८३. रजेचा पगार ६५०. बेरीज १६,८४६. आणि त्यावर सर्व्हिस चार्ज, म्हणजे एजन्सीचं कमिशन, दोन टक्के, ३३७ रुपये. मग जीएसटी.

तो ३३७ चा आकडा बघून मला आधी एजन्सीवाल्याची कीवच आली. रात्री मालगाव रोडवरच्या खोलीत पडल्या पडल्या हिशोब केला. आम्ही तीस जण. तीस गुणिले ३३७ म्हणजे महिन्याला १०,११०. त्यात ऑफिसचं भाडं, सुपरवायझर, प्रिंटर, गाडीचं पेट्रोल. शिवाय कंपनी बिल देणार पंचेचाळीस दिवसांनी, आणि तोवर पाच लाखांच्या आसपास पगार एजन्सीनं आपल्या खिशातून भरायचा. नुसतं व्याजसुद्धा दोन टक्क्यांत निघत नाही. मग हा जगतो कशावर?

उत्तर बिलाच्या रचनेतच होतं. कंपनी कोटेशन मागवते तेव्हा पगार, पीएफ, ईएसआय, बोनस हे सगळ्या एजन्सींना जवळपास सारखंच धरावं लागतं, कारण ते कायद्यानं ठरलेलं. स्पर्धा करायला हातात उरतो एकच रकाना, सर्व्हिस चार्ज. एक आठ टक्के लिहितो, एक सात, आणि एक दोन लिहून काम घेऊन जातो. आठवाल्याचं पोट कमिशनवर भरू शकतं. दोनवाल्यानं कुठून भरायचं हे कोटेशनच्या दिवशीच ठरलेलं असतं. आणि ते परचेसवाल्याला कळत नाही यावर माझा विश्वास नाही. स्वस्त एजन्सी म्हणजे कंपनीला स्वस्त. फरक खालच्या माणसांनी, म्हणजे आम्ही, भरायचा.

ओव्हरटाइमचं सरळ आहे. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे ओटी दुप्पट दरानं. दिवसाचे ५०० म्हणजे तासाला साडेबासष्ट, दुप्पट १२५. कंपनीनं १२५ नं दिले, एजन्सीनं आम्हाला सिंगल ओटी वाटला. सगळे म्हणायचे, "कॉन्ट्रॅक्टवाल्याला डबल नसतो." असतो. नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यातही दर दुप्पटच आहे. (महिन्याला चाळीस तास ओटी कायद्यात बसतो का, हा वेगळाच विषय. त्यात कंपनीही धुतल्या तांदळासारखी नव्हती.)

पीएफ शोधायला जास्त वेळ गेला. स्लिपवर यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर, होता, पण पासवर्ड काढायला गेलं की ओटीपी भलत्याच मोबाइलवर जायचा. शेवटचे चार आकडे ओळखीचे वाटले म्हणून फोनमध्ये बघितलं, तर पुतण्याचा नंबर. आमच्या निम्म्या पोरांच्या यूएएनला त्यानं स्वतःचाच मोबाइल लावलेला होता. म्हणून तर पीएफ ऑफिसचा एकही मेसेज कुणाला यायचा नाही. आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी घेऊन मी मोबाइल बदलला आणि पासबुक उघडलं. स्लिपवर दरमहा माझ्याकडून कापलेले १,५६०. पासबुकात माझ्या नावावर भरलेले ८४०. मालकाच्या बाजूचे २५७ आणि पेन्शनचे ५८३. म्हणजे पगार सात हजार दाखवलेला. माझे ७२० आणि कंपनीनं दिलेल्यातले ७८०, मिळून महिन्याला दीड हजार मधल्या मध्ये. ईएसआय मात्र पूर्ण भरलेली होती. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

तुम्ही आज कुठं एजन्सीतर्फे असाल तर हे वाचून झाल्यावर स्वतःच्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्या. यूएएनला तुमचाच नंबर असेल आणि केवायसी झालेली असेल तर शिल्लक मेसेजनं येते. काहीच आलं नाही तर आधी नंबर कुणाचा आहे ते बघा.

बोनसचं आठवलं की मात्र मला स्वतःचाच राग येतो. आदल्या दिवाळीला, म्हणजे ऑक्टोबर २०२२ मध्ये, सुपरवायझर कंपनीच्या गेटबाहेर चहाच्या गाड्यावर रजिस्टर घेऊन उभा होता. एकेकाला बोलवायचा. पाचशेची नोट, सोनपापडीचा पुडा आणि सही. रजिस्टरवर आडवी स्टीलची फूटपट्टी ठेवलेली. मला वाटलं ओळ चुकू नये म्हणून असेल. पट्टी बरोबर रकमेच्या रकान्यावर होती. सहीच्या जागी आधीच रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवलेला होता. पाचशेला कशाला स्टॅम्प, असं माझ्या मागचा एक जण हसत म्हणालाही. सुपरवायझर म्हणाला, "भावा, लाइन वाढायली, कर सही." केली.

मार्चपासून मी एक काम केलं. दोनशे पानी वही घेतली आणि रोजचा इन टाइम, आउट टाइम, कुठल्या मशीनचे पीस तपासले, ओटी किती, हे लिहायला लागलो. पंचिंग मशीनच्या पडद्याचा फोटो काढायचो. जुलैमध्ये आम्ही चौघांनी मिळून कंपनीच्या एचआरला आणि सांगलीतल्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयाला अर्ज दिले. पीएफची तक्रार ऑनलाइन वेगळी टाकली, ती कोल्हापूरच्या ऑफिसकडं गेली. तीस जणांपैकी चौघंच. बाकीच्यांना मी दोष देत नाही, कुणाचा गाडीचा हप्ता, कुणाची बायको बाळंतपणाला माहेरी.

अर्जात आम्ही जोर दिला तो एकाच गोष्टीवर. त्या वेळी लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदारानं पगार पूर्ण दिला नाही तर तो मुख्य मालकानं, म्हणजे कंपनीनं द्यायचा असं स्पष्ट होतं. पगारवाटपावर कंपनीच्या माणसाची साक्षीची सहीही लागायची. आमच्या पगारपत्रकावर ती होती. "रक्कम माझ्यासमक्ष दिली" याखाली सही करणाऱ्याला आता विचारलं जाणार, हे कळल्यावर इतके दिवस "तुमचं तुमच्या एजन्सीशी बघा" म्हणणारे साहेब चौथ्या दिवशी एजन्सीवाल्याला बोलवून बसले.

त्या बैठकीत एजन्सीवाला माझ्याकडं बघून म्हणाला, "पाव्हणं, मला फोन केला असता की. घरातल्या घरात मिटलं असतं." मी फेब्रुवारीचा ओटी विचारला. तो म्हणाला, दाखवा किती तास. फेब्रुवारीचं माझ्याकडं काही नव्हतं. मॅडमच्या टेबलावरचा कागद मी बघितलाय, हे सांगितलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती. गप्प बसलो.

वहीत होते ते मार्च ते जुलै असे पाच महिने. त्यांचा ओटीचा फरक १२,३०० रुपये खात्यावर आला. आधीच्या नऊ महिन्यांचा नाही. बोनस नाही, कारण रजिस्टरवर पूर्ण रकमेपुढं स्टॅम्पवर माझी सही होती. आमचं अक्षर, आमचा स्टॅम्प. रजेच्या पगाराचंही तसंच, "घेतलेल्या रजा" म्हणून कुठल्याशा कागदावर सह्या होत्या. पीएफचा फरक अकरा महिन्यांनी पासबुकात दिसला, तोही पगाराच्या स्लिपा मी जपून ठेवल्या म्हणून. स्लिपवर तेरा हजार आणि भरणा सात हजारांवर, यावर त्याला बोलायला जागा नव्हती.

ऑगस्टच्या एक तारखेला गेटवर सिक्युरिटीनं सांगितलं, तुमचं नाव यादीत नाही. चौघांचंही नव्हतं. मी आता साताऱ्याकडं एका कारखान्यात आहे, तिथंही एजन्सीतर्फेच. रुजू होण्याआधी त्यांना सर्व्हिस चार्ज किती ते विचारलं. समोरचा जरा चपापला, मग म्हणाला साडेसात. मी लगेच हो म्हटलं. शेजारी बसलेल्या पोराला वाटलं, याला डोकं नाही. नोंदणी फी नव्हती, नियुक्तीपत्र पहिल्या दिवशी मिळालं, आणि ओटी डबल येतो.

डिपॉझिटचे तीन हजार तेवढे अजून पुतण्याकडंच आहेत. फोन लागतो. उचलत नाही.