‘पोर्ता’ एक, रूपं अनेक: लॅटिन-इटालियनसाठी विक्शनरी कशी वापरावी

वाचताना अडलेलं लॅटिन किंवा इटालियन रूप ओळखायला इंग्रजी विक्शनरी या ऑनलाइन शब्दकोशाइतकं कामाचं मोफत साधन दुसरं नाही. मात्र ती नीट वाचता यायला हवी. ‘पोर्ता’ (porta) शोधून बघा.

एकाच पानावर अनेक भाषा असतात, इंग्रजी वर्णक्रमाने: आधी कातालान, मग इटालियन, मग लॅटिन. भाषेचा मथळा न बघता वर दिसेल तो अर्थ उचलला की घोळ झालाच. स्वरावरची दीर्घत्वाची आडवी रेघ पानाच्या नावात नसते, नोंदीच्या आत असते. लॅटिनमध्ये तीच निर्णायक. शेवटचा ‘अ’ ऱ्हस्व असेल तर प्रथमा किंवा संबोधन एकवचन, अर्थ ‘वेस’ (घराच्या दाराला ‘यानुआ’). दीर्घ असेल तर अ‍ॅब्लेटिव्ह, म्हणजे आपल्या तृतीया-पंचमीची कामं करणारी विभक्ती. नाहीतर ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणे, याचं आज्ञार्थी एकवचन. छापील मजकुरात बहुधा रेघ नसते, तिथे वाक्यच निवाडा करतं. ‘हानिबाल आद पोर्तास’ घ्या (हानिबाल म्हणजे रोमशी लढलेला कार्थेजचा सेनापती). ‘पोर्तास’ म्हणजे ‘तू वाहून नेतोस’ असंही होतं, पण ‘आद’ (‘-पाशी’) द्वितीया मागतो आणि ‘पोर्तास’ हे ‘पोर्ता’चं द्वितीया अनेकवचनही आहे. म्हणून हानिबाल ‘वेशींपाशी’.

इटालियनची नोंद फार छान आहे. दार, फुटबॉलचा गोल (म्हणून गोलरक्षक ‘पोर्तिएरे’), ‘पोर्तारे’चं वर्तमानकाळी तृतीय पुरुषी एकवचन आणि ‘तू’साठीचा आज्ञार्थ, हे सगळं मिळतं. शिवाय ‘पोर्जेरे’ म्हणजे पुढे करणे, याच्या भूतकाळवाचक धातुसाधिताचं स्त्रीलिंगी रूपही ‘पोर्ता’च, नवशिक्यांच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं. दाराचं अनेकवचन ‘पोर्ते’. ‘पोर्ती’ म्हणजे बंदरं.

उणिवा आहेत. रूपाच्या नोंदीत फक्त व्याकरण सांगितलेलं असतं, अर्थासाठी मूळ शब्दाच्या पानावर जावंच लागतं. लॅटिनमध्ये शब्दाला चिकटणारा ‘क्वे’ (‘आणि’) असेल, जसं ‘पोर्ताक्वे’, तर तो स्वतः काढून मग शोधा. ‘व्हिटकर्स वर्ड्‌स’ हा जुना प्रोग्रॅम तो आपणहून सुटा करतो आणि प्रथमा, संबोधन, अ‍ॅब्लेटिव्ह, आज्ञार्थ असे सगळे पर्याय एकदम समोर ठेवतो. पण त्यात स्वराचं ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. त्यामुळे लॅटिनचा उतारा वाचताना पर्याय तिथे बघावेत आणि उच्चार विक्शनरीवर पक्का करावा. इटालियनला एकटी विक्शनरी पुरते.