इथरएसएल वापरून काही महिने: ड्रायव्हर छान, केबल फालतू

भोसरीच्या आमच्या शेडमधल्या जुन्या मशीनचा ३८६ कॉम्प्युटर अजून डॉस या जुन्या प्रणालीवरच चालतो. त्यात प्रोग्राम न्यायची फ्लॉपी ड्राइव्ह मेली, तेव्हा सर्व्हिसवाल्याने अख्खा कंट्रोल बदलायचं कोटेशन पुढे केलं. आकडा बघून मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

स्लॉट सगळे मशीनच्याच कार्डांनी भरलेले, उरला कॉम (सिरियल) पोर्ट. 'क्रिनवर' या डॉसच्या नेटवर्क ड्रायव्हरांच्या संग्रहातला इथरएसएल त्या पोर्टवर स्लिप (सिरियल तारेवरून नेटवर्कची पॅकेट पाठवायची साधी पद्धत) बोलतो, पण वरच्या प्रोग्रामला इथरनेट कार्ड असल्याचं भासवतो. त्यामुळे एमटीसीपी या डॉसच्या नेटवर्क प्रोग्रामांच्या संचातला एफटीपी (फाइल आणणारा प्रोग्राम) बिनतक्रार चालतो. पलीकडे लिनक्सवर स्लॅटॅच, म्हणजे सिरियल पोर्टला नेटवर्कशी जोडणारी कमांड. त्याला प्रोटोकॉल साधा स्लिप आहे हे सांगावंच लागतं, नाहीतर तो हेडर दाबणारा सीस्लिप धरतो. मग गंमत अशी की पिंग झकास चालतं आणि एफटीपी जोडलं जाऊन तिथेच थिजतं.

आता केबल. फ्लॉपी नाही, तर ड्रायव्हर आत जाणार कसा? डॉस ६ च्या इंटरसर्व्हरमध्ये (दोन कॉम्प्युटर तारेने जोडणारा प्रोग्राम) आरकॉपी आहे. समोरच्या मशीनवर फक्त मोड कमांड असली की तो सिरियलमधूनच स्वतःला तिकडे उतरवतो, मग बाकी फाइल त्याच्यातूनच जातात. अट एकच, सात तारांची नल-मोडेम केबल. बाजारातून दीडशे रुपयांना 'नल-मोडेम' म्हणून आणलेली ढिम्म हलेना. हूड उघडलं तर आत तीनच तारा! पिन २-३ उलटसुलट, ५ सरळ, आणि ७-८ ला जागच्या जागी डाग देऊन मोकळे. म्हणजे 'पाठवू का?' असं विचारायचं आणि आपणच 'पाठव' म्हणायचं. शेवटी शिल्डेड वायर आणून मीच डाग दिले: २-३ आणि ५ आधीसारखेच, ७ समोरच्या ८ ला, ४ समोरच्या ६ ला, तसंच उलट. आरकॉपी पहिल्या फटक्यात गेला.

या केबलवर सेकंदाला ११५२०० बिटांचा वेग मिळेल असं वाटलं होतं. पण तिथे केबलचा दोष नाही, हे मान्य करायला हवं. आमच्या पोर्टवरची चिप १६४५०, एका बाइटचीच जागा. त्या वेगाला दर ८७ मायक्रोसेकंदांनी नवा बाइट येतो. मशीन तेवढ्यात दुसऱ्या कामात असलं की आधीचा गेला. १६५५०ए मध्ये सोळा बाइटांची रांग असते, तिथे निभावलं असतं. स्लिपला स्वतःचा चेकसम (चूक ओळखायचा आकडा) नाही. १९८८ च्या आरएफसी १०५५ (स्लिपचं वर्णन करणारा दस्तऐवज) च्या शीर्षकातच त्याला 'नॉनस्टँडर्ड' म्हटलंय. चूक वरचा टीसीपी प्रोटोकॉल पकडतो आणि पॅकेट पुन्हा पाठवावं लागतं. फाइल बरोबर येते, पण रखडत. म्हणून दोन्हीकडे ३८४०० आणि एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) ५७६ बाइट केलं. सेकंदाला फार तर ३.८ केबी, पण आमचे प्रोग्राम काही दहा-वीस केबींचे. तेव्हापासून कटकट नाही.

डॉस एका वेळी एकच काम करतो, म्हणून फाइल खेचायची बॅच फाइल मशीनच्या प्रोग्रामच्या आधी चालते. ऑपरेटरला पत्ताही नसतो.

ती बाजारची केबल दुकानदार परत घेत नाही, 'वापरलेली आहे' म्हणतो. वापरता आली असती तर परत कशाला नेली असती?