रेडी स्टॉक की ऑर्डर बुकिंग? तालुक्याच्या गावात एजन्सी घेणाऱ्यासाठी

एजन्सी देताना कंपनीचा माणूस गुंतवणूक विचारतो, गोडाऊन बघतो, गाड्या किती ते लिहून घेतो. माल दुकानात कसा पोचवणार, हा प्रश्न मात्र तो एका वाक्यात उरकतो. आणि रात्री आपण किती वाजता घरी जाणार, हे पुढची काही वर्षं त्याच प्रश्नावर ठरतं.

पंढरपुरात बिस्किट, साबण, शाम्पू, तेल अशा मालाची एजन्सी मी 2011 पासून चालवतोय. पहिली आठ वर्षं रेडी स्टॉक केला: सकाळी छोटा हत्ती भरायचा आणि दुकानासमोर उभं राहून माल आणि बिल एकदमच द्यायचं. 2019 पासून ऑर्डर बुकिंग आहे: आज ऑर्डर लिहून घ्यायची आणि माल नंतरच्या फेरीत पोचवायचा. दोन्हीत पैसे मिळवलेत, दोन्हीत घालवलेतही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते माझ्या बीटचं, म्हणजे ठरलेल्या दुकानांच्या फेरीचं, आणि माझ्या माणसांचं आहे. तुमच्याकडे थोडं वेगळं निघू शकतं.

आधी रेडी स्टॉकचं चांगलं सांगतो, कारण हल्ली त्याला जुनी पद्धत म्हणून बाजूला सारतात आणि ते मला पटत नाही.

पहिलं म्हणजे पैसा. कंपनीला आपण माल निघायच्या आधी पैसे भरतो. चार-पाच टक्क्यांच्या मार्जिनमध्ये भांडवल जितकं लवकर फिरेल तितकं बरं. गाडी दारात उभी असते, माल डोळ्यांसमोर असतो, तेव्हा दुकानदार गल्ल्यातून पैसे काढून देतो. बिलही लहान असतं, आठशे-हजाराचं. माझी उधारी त्या काळात आठवड्याच्या वर क्वचित जायची. ऑर्डर बुकिंगवर आलो आणि ती दोन आठवड्यांवर गेली. बिल मोठं झालं, तसं दुकानदाराचं 'पुढच्या फेरीला घ्या' वाढलं. ज्याच्याकडे गोडाऊनमधल्या मालाएवढीच रक्कम बाजारात अडकवायची ताकद नाही, त्यानं हा मुद्दा नीट तोलावा.

दुसरं, नवीन माल. कंपनीनं नवा फ्लेवर काढला की मोबाइलमधलं चित्र बघून किराणावाला 'बघू नंतर' म्हणतो. गाडीतून एक बॉक्स काढून त्याच्या काउंटरवर ठेवला की तो उलटसुलट करून बघतो, पोराला एक पुडा फोडायला देतो आणि निदान एक बॉक्स तरी ठेवून घेतो. हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

तिसरं, दराचा गोंधळ होत नाही. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा हे फार जाणवलं. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसाचं तेल, बिस्किट सगळं 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आलं. तो सोमवार होता, घटस्थापनेचा दिवस. आमच्याकडे शनिवारच्या ऑर्डरी सोमवारी पोचतात. जुन्या दरानं निघालेली सगळी बिलं रविवारी रद्द करून पुन्हा काढली, त्यात अख्खी रात्र गेली. गाडीवर जागेवरच बिल करणाऱ्यांना सोमवारी सकाळी फक्त नवा दर लावायचा होता. अर्थात असा दिवस रोज उगवत नाही.

कागदपत्रांचा बाऊ करू नका. गाडीत डिलिव्हरी चलन (सोबतच्या मालाची यादी) ठेवायचं आणि दुकानात माल उतरला की तिथंच बिल द्यायचं. हातात मावणारा प्रिंटर त्यासाठी पुरतो. राज्यातल्या राज्यात एक लाखापर्यंतच्या मालाला महाराष्ट्रात 1 जुलै 2018 पासून ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद) लागत नाही, आणि बिस्किट-साबणानं भरलेला छोटा हत्ती बहुतेक वेळा त्याच्या आतच बसतो. तेलाच्या पेट्या जास्त असतील तर मात्र सकाळीच बेरीज करून बघा.

एवढं सगळं असूनही मी रेडी स्टॉक सोडला, तो संध्याकाळच्या मोजणीमुळे.

ज्यानं हे केलंय त्याला वेगळं सांगायला नको. साडेसातला गाडी गोडाऊनला लागते. उरलेला माल खाली घ्यायचा. पूर्ण पेट्या एका बाजूला, फुटक्या पेट्या दुसऱ्या बाजूला. फुटक्या पेट्यांतले सुटे नग मोजायचे, शाम्पूच्या तुटलेल्या लड्या जुळवायच्या. सेल्समन पेटीवर बसून बिलबुकातले आकडे वाचणार, मी लोडशीटवर, म्हणजे सकाळी भरलेल्या मालाच्या यादीवर, वजाबाकी करणार, हेल्पर पेंगत उभा. सकाळी गेलेला माल, विकलेला माल, उरलेला माल. हा हिशोब एका दमात जुळला असं महिन्यातून चार-पाचदाच व्हायचं.

जुळत नव्हता तो जास्त करून स्कीमच्या फुकट मालामुळे. बारावर एक फ्री असं असलं, की बिलावर बारा आणि पेटीतून गेले तेरा. एखाद्या ओळखीच्या दुकानदारानं सहाच घेतले आणि 'माझा एक दे' म्हणाला, तर सेल्समन नाही म्हणू शकत नाही. मग पुढच्या दुकानात तो एक भरून काढायचा. संध्याकाळपर्यंत कुठं किती दिलं हे त्याच्या डोक्यात उरत नाही आणि कागदावर तर नसतंच. तूट निघते साठ रुपयांची, नव्वद रुपयांची. रक्कम लहान, पण ती कुणाच्या नावावर टाकायची हे रोज रात्री नऊ वाजता ठरवावं लागतं. पाठीला कळ लागलेली, चहा तीनदा झालेला, आणि समोर दिवसभर उन्हात फिरून आलेला माणूस.

माझ्याकडे एक सेल्समन सहा वर्षं होता. भाळवणीच्या बाजूचा, शांत मुलगा, दुकानदार त्याला घरच्यासारखं मानायचे. एका आठवड्यात पाच रुपयेवाल्या बिस्किटात रोज तूट यायला लागली. रोज चार पेट्या फुटायच्या आणि रोज चारशेच्या वर कमी. पहिल्या दिवशी तो म्हणाला, 'मालक, पेटी हलकी लागतीय.' मी म्हटलं, नीट मोज. चौथ्या दिवशी आकडा सतराशेच्या आसपास गेला आणि मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, की माल कुठं उतरवतोस. पाचव्या दिवशी मी स्वतः एक बंद पेटी फोडली. पुड्याचं वजन बदलताना कंपनीनं पेटीतली संख्याही बदलली होती. आमच्या लोडशीटवर जुनेच 144 धरलेले आणि पेटीत 120. बाहेर बारीक अक्षरात ते छापलेलंही होतं. मी त्याचे पैसे दिले, माफी मागितली. तो महिनाभर राहिला आणि मग दुसऱ्या एजन्सीत गेला. अजून भेटला की नीट बोलतो, पण माझ्याकडे परत आला नाही.

ती चूक पद्धतीची नव्हती, माझी होती, असं कुणी म्हणेल आणि ते खरंच आहे. तरी माल गाडीत सुटा फिरत असला, की प्रत्येक चूक शेवटी गाडीवरच्या माणसाच्या अंगावर येते. रोज रात्री माणसावर संशय घ्यावा लागेल असं काम मला नको होतं.

ऑर्डर बुकिंगमध्ये ही मोजणी गोडाऊनमध्ये, माल निघायच्या आधी होते. संध्याकाळी सातला ऑर्डर बंद. सगळ्या बिलांची मिळून एक पिकलिस्ट, म्हणजे गोडाऊनमधून काढायच्या मालाची यादी, निघते. फुकटचा नग बिलावर वेगळ्या ओळीत असतो, त्यामुळे पिकलिस्टमध्येही तो आपोआप येतो. दोघं जण माल काढतात, तिसरा मोजतो. काही कमी असेल तर ते तिथंच, तिघांच्या समोर कळतं. गाडी परत आली की माल मोजायचा नाही, बिलं मोजायची. सही झालेली बिलं एका बाजूला, परत आलेली दुसऱ्या बाजूला, आणि परत आलेल्या बिलाचा माल पूर्ण आहे का एवढंच बघायचं. आता साडेआठला माझ्या गोडाऊनला कुलूप असतं.

याचे त्रासही सांगतो, कारण कंपनीचा माणूस ते सांगणार नाही. सगळ्यात मोठा त्रास परत येणाऱ्या मालाचा. चाळीस बिलं गेली तर चार-पाच परत येतात, कधी सात. कारणं ठरलेली. मालक गावाला गेलेत. ऑर्डर पोरानं दिली, मला विचारलं नव्हतं. सकाळीच दुसऱ्याची गाडी आली, तिचा माल घेतला. महिनाअखेरीला तर टार्गेट गाठायला सेल्समन न मागितलेली ऑर्डरही टाकतात. ती दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी परत येते आणि वर डिझेल जातं. पूर्ण बिल परत आलं तर रद्द करणं सोपं आहे. बिलातल्या दोनच ओळींचा माल परत आला तर क्रेडिट नोट (तेवढी रक्कम बिलातून वजा करणारा कागद) काढा, स्कीम पुन्हा बसवा, असं किचकट काम लागतं. यावर मी दोन गोष्टी केल्या. डिलिव्हरीवाला निघायच्या आधी दोन हजारांवरच्या बिलांना फोन करतो. आणि सेल्समनचं इन्सेंटिव्ह लिहिलेल्या ऑर्डरवर देत नाही, पोचलेल्या बिलावर देतो. दुसऱ्या उपायानं जास्त फरक पडला.

उधारीचं वर आलंच. वसुली सेल्समननं करायची की डिलिव्हरीवाल्यानं, हे पहिल्या दिवशी ठरवा. दोघांवर ठेवली तर कुणीच करत नाही. आमच्याकडे सेल्समन मागच्या बिलाचे पैसे घेतल्याशिवाय नवी ऑर्डर लिहीत नाही. पैसे शक्यतो क्यूआर कोडवरून थेट एजन्सीच्या खात्यात येतात, त्यामुळे त्याच्या खिशात रोकड फार राहत नाही. त्याचीही काळजी त्यानं कमी होते.

बदल्यात जे मिळतं ते मला जास्त वाटतं. छोट्या हत्तीत बसून बसून किती माल बसणार? रेडी स्टॉकमध्ये एका बिलावर पाच-सहा ओळी यायच्या, आता दहा-बारा येतात, कारण गोडाऊनमधला सगळा माल सेल्समनच्या हातातल्या मोबाइलमध्ये असतो. गाडीमागं तो दिवसाला पस्तीस दुकानं करायचा, मोटारसायकलवर पन्नास करतो. गावातल्या दुकानांसाठी आणखी एक. प्रदक्षिणा मार्गावर किंवा चौफाळ्याच्या आतल्या बोळांत भर दुपारी गाडी उभी करून बिल करत बसणं म्हणजे मागच्यांचे हॉर्न ऐकत काम करणं. आता तिकडची डिलिव्हरी सकाळी लवकर होते, पेटी उतरवली की गाडी पुढं. शिवाय 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दुकानदारांना फोनवरून ऑर्डर द्यायची सवय लागली, ती अजून टिकून आहे. रात्री नऊला कुणाला तेल संपल्याचं आठवलं तर तो व्हॉट्सॲप करतो.

मी एक छोटा हत्ती अजूनही रेडी स्टॉकवर ठेवलाय, आठवड्यातून दोन दिवस. करकंब, कासेगाव या बाजूच्या लहान गावांत एका गावात तीन-चार दुकानं. तिथं आज ऑर्डर घ्यायला जा आणि उद्या सातशेच्या मालासाठी पुन्हा जा, हे परवडत नाही. आणि आषाढी-कार्तिकीला तर तोच कामाला येतो. वारीच्या आधी आठवडाभर ऑर्डरी घेऊन गावातली दुकानं भरून ठेवतो. एकदा गर्दी वाढून गावात गाड्या बंद झाल्या की बाहेरच्या रस्त्यांवर थाटलेल्या तात्पुरत्या दुकानांना माल लागतो तो आत्ता, या तासाला. तिथं उद्याची डिलिव्हरी कुणी ऐकून घेत नाही. या गाडीवर मी फक्त बारा-पंधरा आयटम ठेवतो, स्कीमचा माल एकही नाही, आणि पेटी न फोडता विकण्यावर भर देतो. त्यामुळे संध्याकाळची मोजणी पंधरा मिनिटांत होते.

पाव, दूध, आइस्क्रीम, वेफर्स अशा मालाची एजन्सी असेल तर तुम्हाला निवड फारशी नाहीच, गाडीच लागणार. साबण, बिस्किट, तेल, मसाले असं घेत असाल आणि निम्म्याहून जास्त दुकानं एकाच गावात असतील, तर मी ऑर्डर बुकिंगनं सुरुवात करा म्हणेन, पंधरा दिवसांची उधारी पेलण्याची तयारी ठेवून. दुसरी गाडी लगेच घेऊ नका. पहिले दोन महिने डिलिव्हरीला भाड्याचा टेम्पो लावा. रोज किती बिलं परत येतात ते वहीत लिहून ठेवा, दुकानाचं नाव आणि कारणासकट. आणि कंपनीच्या मालाची नवी खेप आली की प्रत्येक आयटमची एक पेटी स्वतः फोडून मोजा.