त्सुएताते ओन्सेन: बालदिनाच्या सुट्टीत जायचे तर मुक्कामालाच

५ मे हा मुलांचा दिवस जपानमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय सुट्टीचा असून तो 'गोल्डन वीक'च्या जोडसुट्ट्यांत येतो, त्यामुळे क्योतोसारख्या शहरांत त्या आठवड्यात मुले घेऊन फिरणे जिकिरीचे होते. क्युशू बेटावरील कुमामोतो प्रांतात, ओगुनी नगराच्या हद्दीत असलेले त्सुएताते हे गरम झऱ्यांचे डोंगरी गाव त्यापेक्षा पुष्कळ सुखाचे आहे. मात्र दुपारी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला ते अर्धेच कळते, असे माझे मत आहे.

लोक येतात ते कोइनोबोरींसाठी. एप्रिलपासून मेच्या सुरुवातीपर्यंत नदीच्या दोन्ही काठांना दोर बांधून त्यांवर कार्प माशाच्या आकाराच्या सुमारे ३,५०० कापडी पताका लावतात. प्रवाहाविरुद्ध पोहून धबधबा चढलेला कार्प ड्रॅगन होतो, अशी मूळची चिनी कथा आहे. मुले तशीच धडधाकट निघावीत, ही त्यामागची इच्छा. दरीतून वारा सुटला की पताका फुगून खरोखर पोहू लागतात, आणि वारा पडला किंवा पाऊस आला की नुसते कापड लोंबत राहते. वारा कधी येईल ते आपल्या हाती नसल्यामुळे तासाभरासाठी येणाऱ्यांची अनेकदा निराशा होते.

मला स्वतःला पताकांहून वाफ अधिक आवडली. इथले झऱ्याचे पाणी जवळजवळ उकळते असते आणि त्याच वाफेवर चालणाऱ्या सामाईक चुली गावात आहेत. अंडी, रताळी, बटाटे किंवा मका टोपलीत घालून वर झाकण ठेवायचे, एवढीच कृती. मुलांना ती स्वतः करता येते आणि शिजेपर्यंत ती तिथून हलत नाहीत. शाकाहारी कुटुंबांना तर हा मोठाच आधार आहे, कारण पारंपरिक निवासांच्या जेवणात, अगदी भाजीच्या रश्शातही, माशाचा अर्क सहसा असतोच.

घरे दाटीने वसलेली असल्यामुळे मधल्या गल्ल्या अरुंद आणि पायऱ्यांच्या आहेत. बाबागाडी तिथे निरुपयोगी ठरते, आणि गुडघे दुखणाऱ्यांनी नदीकाठचीच खोली मागावी.

५ मेलाच स्नानाच्या पाण्यात शोबुची, म्हणजे आपल्या वेखंडाची, लांब पाने टाकण्याची जपानी प्रथा आहे. बाळाला वेखंड उगाळून चाटवणाऱ्या आपल्या घरांना तिचे नवल वाटणार नाही, पण आपल्या निवासात ही सोय आहे का, हे खोली घेतानाच विचारावे. अंग आधी धुऊन, कपड्यांविना कुंडात उतरण्याचा नियम मुलांनाही लागू असतो.

हाताशी वाहन असल्यास ओगुनीतील नाबेगाताकी धबधबा पाहावा. पाण्याच्या पडद्यामागून चालत जाता येते, फक्त प्रवेशाची वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते. २०२४ पासून १,००० येनच्या नोटेवर झळकणारे जंतुशास्त्रज्ञ कितासातो शिबासाबुरो याच परिसरातले असून त्यांचे स्मारक-संग्रहालयही इथे आहे. लहान मुले तिथे लवकर कंटाळतील.

गावाला रेल्वे नाही. जवळच्या हिता शहराहून बस मिळते, पण फेऱ्या मोजक्याच आहेत. खोली शक्यतो ५ मेच्या रात्रीची घ्यावी, कारण तोवर परतीची वर्दळ सुरू झालेली असते. तत्पूर्वी दिनदर्शिका मात्र तपासावी: ३ ते ५ मेपैकी एखादी सुट्टी रविवारी आली, तर ६ मेलाही सुट्टी असते आणि गर्दी एक दिवस पुढे सरकते.