थ्रेडमधले निरोप: सॉकेटपेअर की लूपबॅक यूडीपी?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवरचा ट्रॅकर घ्या: एक थ्रेड (प्रोग्रॅममधलं समांतर चालणारं काम) जीपीएस वाचतो, दुसरा सर्व्हरशी बोलतो. दुसऱ्याला सर्व्हरचं उत्तर आणि पहिल्याचा निरोप या दोन्हींची वाट एकाच सिलेक्टमध्ये (अनेक सॉकेटवर एकदम लक्ष ठेवणाऱ्या कॉलमध्ये) बघायची असते, म्हणून थ्रेडमधला निरोपही सॉकेटवरून, म्हणजे डेटा पाठवायच्या-घ्यायच्या टोकावरून.

लिनक्सवर सरळ सॉकेटपेअर, म्हणजे आधीच एकमेकांना जोडलेली दोन सॉकेट. पोर्ट लागत नाही, बाहेरचं कोणी घुसत नाही. फक्त डेटाग्राम प्रकार घ्या, त्यात प्रत्येक निरोप वेगळा राहतो. स्ट्रीममध्ये 24 बाइटचे दोन निरोप एकदम 48 होऊन हातात पडू शकतात.

एलडब्ल्यूआयपीवर (छोट्या उपकरणांसाठीच्या नेटवर्क सॉफ्टवेअरवर) मात्र सॉकेटपेअर नाहीच. तिथे कॉन्फिगमध्ये लूपबॅक (उपकरणाने स्वतःलाच पॅकेट पाठवायची सोय) चालू करून 127.0.0.1 या त्याच्या पत्त्यावर दोन यूडीपी सॉकेट (पोचेची हमी नसलेली डेटाग्राम सॉकेट) बाइंड करायची, म्हणजे पत्त्याला बांधायची, आणि एकमेकांना कनेक्ट करायची. कनेक्ट करायचं राहून गेलं, तर भलत्याच सॉकेटचं पॅकेटही आत येतं. शिवाय वाचणारा मागे पडला की यूडीपी गुपचूप पॅकेट टाकून देतं. लिनक्सच्या सॉकेटपेअरमध्ये पाठवणारा थांबतो. एखादं स्थान हुकलं तर चालेल, धोक्याचं बटण नाही. त्याला क्रमांक आणि पोच हवीच.