जळालेल्या जनगणनेचे ९५ पौंड

एकूण ५७५ पौंड. आधी १८०, मग ९५, मग २४०, शेवटी फ्रेमचे ६०. रुपयांत साठ हजारांच्या वर. आकडा पहिल्यांदाच सांगून टाकते, कारण माहेरी मी "थोडेफार गेले" एवढंच सांगितलंय आणि ते थोडेफार आता माझ्याच घशाखाली उतरत नाही.

लग्न होऊन लेस्टरला आले त्याला अकरा वर्षं झाली. नवरा इंग्लिश. सासरे ऐंशीचे होणार होते आणि त्यांना घराण्याचा कुलवृत्तांत भेट द्यायचा ही कल्पना माझी. घराणं मूळचं हिंक्लेचं, यापलीकडे जुन्या पिढ्यांचं घरात कुणाला काही ठाऊक नव्हतं. नवरा म्हणाला होता, "स्वेटर दे. त्यांना स्वेटर आवडतो." ऐकलं असतं तर.

आता कुणीतरी म्हणणारच की घराण्याच्या जुन्या नोंदी शोधून देतो म्हणणाऱ्या, ऑनलाइन भेटलेल्या माणसाला पैसे पाठवलेच कशाला. आमचे अण्णा गेले तेव्हा आम्ही त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. उपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आतून लांबट वही आणली आणि दहा मिनिटांत माझ्या पणजोबांची मोडीतली सही समोर ठेवली. तपकिरी पडलेली शाई, शेवटच्या अक्षराची शेपटी खालच्या ओळीत घुसलेली. मी तिथेच रडले. जुन्या वह्यांतला माणूस खोटं बोलत नाही, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलेलं.

आणि हा माणूस वह्यांतलाच वाटला. पहिल्या फोनवर चाळीस मिनिटं बोलला. चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून, सरकारी जन्म-लग्न-मृत्यूची नोंद १ जुलै १८३७ पासून, घरोघरच्या नावांसकट जनगणना १८४१ पासून. मी नंतर ताडून पाहिलं, यातलं अक्षरही खोटं नव्हतं. म्हणून तर फसले. नमुन्याचा अहवाल, खूश गिऱ्हाइकांची पत्रं, सगळी आरास होतीच, ती तुम्ही पाहिलेली असणार. १८० पौंड बँकेतून थेट त्याच्या खात्यात. क्रेडिट कार्ड चालत नाही म्हणाला. इथे १०० पौंडांच्या वरची खरेदी क्रेडिट कार्डानं केली की कार्डवाली बँकही जबाबदार धरता येते. म्हणूनच चालत नव्हतं ते.

आता ती रात्र. मंगळवार होता, भांडी आवरून मी ओट्यापाशी उभ्यानंच फोनवर पहिला अहवाल उघडला. १८४१ ची जनगणना: घरातला कर्ता, वय ३७, धंदा होजिअर, म्हणजे मोजे विणवून घेणारा मालक, जन्मगाव हिंक्ले. सुबक टाइप केलेला तक्ता. आणि मी थांबले. अगदी थांबले, हातातलं फडकं खाली ठेवलं. कारण आदल्याच आठवड्यात मी वाचलं होतं की १८४१ ला पंधराच्या वरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायला सांगितलं होतं. ३७ चा माणूस ३५ व्हायला हवा. जन्मगावाचा तर रकानाच नव्हता, याच परगण्यात जन्मला का, हो की नाही, आणि स्कॉटलंड, आयर्लंड की परदेशात जन्मला, एवढंच. गाव लिहायला लागले ते १८५१ पासून.

विचारलंसुद्धा! मेल पाठवली. वीस मिनिटांत उत्तर: "काही नोंदणीदार जास्त काटेकोर होते." वयाबाबत हे खरं आहे, काहींनी पुरतं वय लिहिलंय. गावाबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. का विचारलं नाही, ते मला ठाऊक आहे. मालक आवडला होता मला. सासऱ्यांचा पूर्वज चाकर निघण्यापेक्षा मालक निघालेला बरा, हे माझ्यातल्या सूनबाईनं परस्पर ठरवून टाकलं. मूळ पानाचा फोटो मागायला हवा होता. टाइप केलेला तक्ता घेऊच नका. मूळ पान, त्याखाली संदर्भ क्रमांक, फोलिओ (म्हणजे वहीतल्या कागदाचा क्रमांक), पान क्रमांक. १८४१ आणि १८५१ असेल तर संदर्भ क्रमांक 'एचओ १०७' नं सुरू होतो. नसेल तर पैसे खिशातच ठेवा.

पुढचे ९५ पौंड १९३१ च्या जनगणनेसाठी. शंभर वर्षं ती बंद असते हे मला माहीत होतं, १९२१ ची २०२२ च्या जानेवारीत खुली झाली तेव्हा इथल्या बातम्यांत होतं. पण तो म्हणाला, थेट वंशजांसाठी खास परवानगी काढता येते. ओळखीनं काम होणं आपल्याला कुठे नवीन आहे? आपल्याकडे दाखले कसे निघतात ते पाहत वाढलेली मी, मला ते उलट जास्तच खरं वाटलं. २४० चर्चच्या नोंदींचे, त्यातले ४५ एका जन्मदाखल्याच्या टाइप केलेल्या नकलेचे. अस्सल दाखला मी नंतर जनरल रजिस्टर ऑफिसातून, म्हणजे सरकारी नोंदणी कचेरीतून मागवला, १२ पौंड ५० पेन्स. आणि ६० पौंडांची फ्रेम, "घराण्याच्या" ढालीची, म्हणजे ढालीवर काढलेल्या मानचिन्हाची. ढाल माणसाला मिळते आणि त्याच्या वंशजांकडे जाते, आडनावाला मिळत नाही. आडनावावरून ढाल विकणारा दिसला की तिथूनच मागे फिरा.

वाढदिवसाला सगळे जमले. सासरे एकेक पान वाचत होते. १९३१ च्या पानावर त्यांचे वडील, वय १६, ग्रामर स्कूलचे विद्यार्थी. "ते शाळेत होते?" ते इतक्या हळू म्हणाले की मला आनंदच झाला. तेवढ्यात माझ्या आतेसासूबाई केक खाता खाता म्हणाल्या, "१९३१ ची? ती तर जळाली ना गं." १९४२ च्या डिसेंबरात, मिडलसेक्समधल्या हेज गावी, आगीत इंग्लंड-वेल्सची ती सगळी जनगणना गेली. ती २०३२ लाही खुली होणार नाही. नसलेल्या कागदाचे मी ९५ पौंड मोजले होते, आणि सासऱ्यांचे वडील चौदाव्या वर्षीच मोज्यांच्या कारखान्यात लागले होते, हे टेबलावर माझ्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

मग तक्रारी. बँकेनं पन्नास मिनिटं संगीत ऐकवलं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून इथल्या बँकांना अशा फसवून करवून घेतलेल्या ट्रान्सफरचे पैसे परत देणं बंधनकारक आहे, ८५,००० पौंडांपर्यंत. मी तो नियमच वाचून दाखवला. पलीकडची बाई म्हणाली, "पण अहवाल मिळाला ना तुम्हाला? मग हा माल पसंत न पडल्याचा वाद झाला." मी म्हटलं, त्यातला कागद अस्तित्वातच नाही. तर म्हणे, नाही याचा पुरावा पाठवा. जळालेल्या वहीचा पुरावा! राख आणू? मी आगीची माहिती छापून पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, फ्रेम ऑर्डरप्रमाणे बनवलेली असल्यामुळे परत घेता येत नाही. फ्रेमचं कोण बोललं होतं?

पोलिसांनी तक्रारीचा नंबर दिला. नंबर छान लांबलचक आहे. सहा आठवड्यांनी मेल आली की तपास होणार नाही. ग्राहकांच्या हेल्पलाइननं सांगितलं, आधी विक्रेत्याशी लेखी बोला. विक्रेत्याची मेल केव्हाच बंद झालेली. कौन्सिलनं पुन्हा त्याच हेल्पलाइनचा नंबर दिला. संशोधकांच्या एका संघटनेला लिहिलं, तर त्यांनी दोन ओळींत हात झटकले, तो आमचा सभासद नाही. सभासद आहे का ते पैसे देण्याआधी विचारायचं असतं, हे मलाही कळतं हो. प्रत्येकानं मला इतक्या सभ्यपणे "सॉरी" म्हटलंय की एखाद्यानं खेकसून काम केलं असतं तर पाया पडले असते.

शेवटी स्वतःच बसले. फ्रीबीएमडी या साइटवर जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदींची सूची फुकट, फॅमिलीसर्च या साइटवर १८८१ ची जनगणना फुकट, आणि पैसे घेणाऱ्या साइटींपैकी एक आमच्या वाचनालयाच्या कंप्युटरवर फुकट. तीन शनिवार लागले. १८५१ च्या पानावर घर सापडलं: नवरा फ्रेमवर्क निटर, म्हणजे मागावर मोजे विणणारा, बायको ते शिवणारी, नऊ वर्षांचा मुलगा सूत गुंडाळणारा. कारकुनानं मोजताना वयांवर जाड रेघा मारलेल्या, त्यामुळे बायकोचं वय ३१ की ३४ ते आजही लागत नाही. घर संपलं की आडवी रेघ. त्या ठगाच्या तक्त्यात एकही रेघ नव्हती.

ते पान छापून सासऱ्यांना दिलं. त्यांनी चष्मा लावून नऊ वर्षांच्या मुलाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. ढालीची फ्रेम मात्र त्यांनी टाकू दिली नाही. त्यांच्या घरी खालच्या टॉयलेटमध्ये लावलीय, आल्यागेल्याला सांगतात, "सूनबाईंनी दिली." मी तिथे गेले की वरच्या मजल्यावरचं वापरते.