बॅकअप तपासायची क्वेरी: आठ महिने वापरल्यानंतर

आमचा रात्रीचा बॅकअप जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) वर्षभर हिरवा, म्हणजे यशस्वी, दिसत होता. एका टीमने डेटाबेस परत मागितला तेव्हा कळलं, त्याचा बॅकअप कधी झालेलाच नाही. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या मेंटेनन्स प्लॅनमध्ये (देखभालीची कामं जिथे ठरवतात तिथे) कुणीतरी ‘ऑल डेटाबेसेस’ऐवजी एकेका नावावर टिक केली होती. नंतर तयार झालेला डेटाबेस त्या यादीत असणार कुठून? जॉबने सांगितलं तेवढं चोख केलं, म्हणून हिरवा.

तेव्हापासून जॉबकडे बघत नाही, डेटाबेसच्या यादीपासून सुरुवात करतो. त्यासाठीची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, साधी आहे: सिस डॉट डेटाबेसेस या सर्व्हरवरच्या डेटाबेसच्या यादीतून सगळी नावं घ्यायची आणि एमएसडीबी या सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदींच्या डेटाबेसमधल्या बॅकअपसेट टेबलात प्रत्येकाचा शेवटचा फुल (संपूर्ण) बॅकअप शोधायचा. टेम्पडीबी हा तात्पुरत्या डेटाचा डेटाबेस वगळायचा, त्याचा बॅकअप घेताच येत नाही.

पहिल्या महिन्यात या क्वेरीनेही फसवलं. लेफ्ट जॉइन होता, म्हणजे बॅकअपची नोंद नसली तरी डेटाबेसचं नाव राहील अशी जोडणी, पण ‘टाइप = डी’ (फक्त फुल बॅकअप) ही अट मी व्हेअरमध्ये, म्हणजे जोडणीनंतर ओळी गाळणाऱ्या भागात, लिहिली होती. ज्यांचा बॅकअपच नाही त्यांच्या ओळीत तिथे नल (रिकामी किंमत) असतो, आणि व्हेअर त्या ओळी गाळून टाकतो. म्हणजे ज्यांच्यासाठी खटाटोप, तेच गायब! अट ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्याच अटीत, हलवली आणि तीन नवी नावं वर आली.

दुसरा चकवा टेस्ट सर्व्हरवर. प्रॉडक्शनची (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरची) बॅकअप फाइल तिथे रिस्टोअर केली, म्हणजे तिच्यातून डेटाबेस परत उभा केला, की त्या बॅकअपची नोंद तिथल्या एमएसडीबीतही पडते, मग वाटतं बॅकअप चालू आहे. आता सर्व्हरचं नावही जुळवून बघतो. डेटाबेस ड्रॉप करून त्याच नावाने परत बनवला तर जुनी नोंद उरलेली असू शकते, म्हणून क्रिएट डेटही (डेटाबेस बनल्याची तारीख) बघावी लागते.

फुल रिकव्हरी मॉडेल असून (या सेटिंगमध्ये बदलांची नोंद, म्हणजे लॉग, बॅकअप होईपर्यंत जपून ठेवली जाते) लॉग बॅकअप नसलेले डेटाबेसही याच क्वेरीत पकडतो. त्यांची लॉग फाइल फुगत राहते.

उणीव मोठी आहे. नोंद आहे म्हणजे फाइल आहे असं नाही. डिस्कवरून कुणी फाइल उडवली तरी ओळ तशीच राहते. म्हणून महिन्यातून एकदा दोन-तीन डेटाबेस दुसरीकडे रिस्टोअर करून बघतो. कंटाळवाणं काम, पण त्याला पर्याय सापडला नाही.

रोज सकाळी मेल येते. काही सापडलं नाही तरी येते, तसं मुद्दाम ठेवलंय. आधी एकदा दहा दिवस मेल नव्हती आणि मी खुशीत होतो. मेल पाठवणारा जॉबच बंद पडला होता.